पीठ न पडणारं जातं

वेलफर्ड रोडवर बस थांबते तिथे एक किल्ला आहे.
बुरूज, कमान, जंग्या.
लेस्टरात नवीन आले तेव्हा वाटलं, आत तोफा असतील,
रविवारी तिकीट काढून जाऊ.
शेजारची बाई म्हणाली, तुरुंग आहे तो. चालू आहे अजून.

आता महिन्यातून दोनदा जाते, दुभाषी म्हणून.
फोन लॉकरमध्ये, छत्री लॉकरमध्ये,
डब्यातली पोळीसुद्धा.
जीभ तेवढी आत नेता येते.

एका शनिवारी विगस्टनच्या रेकॉर्ड ऑफिसात
जुनी शिक्षावही मागवली. का, ते सांगता येणार नाही.
अठराशे बावन्न.
हेझेकाया टेबट, वय एकोणीस, धंदा मोजे विणण्याचा.
दोन कोंबड्या चोरल्या. पैकी एक जिवंत सापडली.
तीन महिने, सक्तमजुरीसह.

सक्तमजुरी म्हणजे कोठडीत एक लोखंडी पेटी.
पेटीत वाळू, वाळूत पळ्या, बाहेर दांडा.
फिरवला की पळी वाळू उचलते,
वर नेते,
ओतते.
तीच वाळू.
दिवसाला चौदा हजार चारशे फेरे,
पैकी अठराशे न्याहारीआधी,
आणि काटा तिथवर गेला नाही तर न्याहारीच नाही.

मी जात्याला हात लावलाय एकदाच,
चुलतबहिणीच्या लग्नात, घाणा भरताना.
पाच जणींनी खुंटा धरला, हळकुंडं कडाकडा फुटली,
आणि ज्यांना एकही ओवी येत नव्हती
त्याही काहीतरी गुणगुणायला लागल्या.
खुंटा हातात आला की गळ्यातून येतंच काहीतरी.

इथे बोलायचं नाही. शीळ घालायची नाही.
आवारात फिरताना टोपीची झडप डोळ्यांवर.
ज्यांनी हे योजलं ते सज्जन होते, हे विसरू नये.
चाबूक नको म्हणाले, भर चौकातली फाशी नको,
माणसाला फक्त एकटं ठेवा,
तो आपोआप आत बघेल.

४ मार्च. फेरे कमी. रात्रीचं जेवण नाही.
५ मार्च. फेरे कमी. न्याहारी नाही.
६ मार्च. दांडा सैल असल्याचा संशय. पेच आवळला.
९ मार्च. गाताना सापडला.
तीन दिवस पाव आणि पाणी.

काय गात होता, ते लिहिलेलं नाही.
मी पान उलटून पाहिलं. मागे हिशेब होता, मेणबत्त्यांचा.

गुरुवारी सुकुमार चौगुले समोर बसला होता,
सांगलीकडचा, तेवीस वर्षांचा, खटला उभा राहायचाय.
म्हणाला, ताई, इथले स्क्रू तसे बरे आहेत.
दारातला शिपाई हसला, तेवढा एक शब्द त्याला कळला.
तुरुंगातल्या शिपायाला तसं म्हणतात इथे,
कुणी म्हणतं त्या पेचावरूनच,
कुणी म्हणतं किल्लीवरून.
मी काही बोलले नाही. आपल्या पदरचं बोलायचं नसतं.

नियम असा आहे की त्याचं ‘मी’ माझं ‘मी’.
मी बावीस तास कोठडीत असतो, मी म्हणाले, इंग्रजीत.
मला झोप येत नाही, मी म्हणाले.
भिंतीपलीकडचा माणूस रात्री दार वाजवतो,
मी मोजत बसतो.
वकीलबाईंनी लिहून घेतलं.

उठताना त्याने विचारलं, आज वार कोणता?

मला माहीत होतं. जिभेवर होतं.
पण विचारलेलं सगळं पलीकडे न्यायचं असतं,
म्हणून नेलं.
वकीलबाईंनी शिपायाकडे बघितलं,
शिपायाने घड्याळाकडे,
मग तो म्हणाला, मग मी म्हणाले,
गुरुवार.

चार तोंडांतून फिरून आलेला तो वार
सुकुमारने दोन्ही हात पुढे करून घेतला,
जसं काही सांडलं असतं.